‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ : एका वाक्याविरुद्ध

काही वाक्ये कोणी लिहिली हे कोणालाच ठाऊक नसते, आणि म्हणूनच ती खोडण्याचे धाडसही कोणी करत नाही. ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ हे त्यांतलेच एक. मुलुंड-घाटकोपरच्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांच्या नियमपत्रिकेत ते असते (तेथे ‘पंच’ऐवजी ‘परीक्षक’), कथास्पर्धेच्या निवेदनात असते आणि जत्रेतल्या कुस्त्यांच्या भिंतीवर चिकटवलेल्या पत्रकातही असते. वाङ्मय आणि मल्लविद्या यांना जोडणारा एवढा भक्कम दुवा दुसरा नसेल. या वाक्यात दोन स्वतंत्र विधाने एकमेकांच्या आड लपवलेली आहेत. पहिले असे, की खेळ कोठेतरी थांबला पाहिजे आणि तो पंच थांबवील. हे मान्य. दुसरे असे, की पंचाने तो तसा का थांबवला हे विचारण्याचा अधिकार कोणाला नाही. माझा वाद या दुसऱ्याशी आहे. अंतिम असणे आणि अनुत्तरदायी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे त्या जाणूनबुजून एक केल्या गेल्या आहेत, असे मला वाटते.

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेत जे घडले, ते बहुतेकांना आठवत असेल. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पंचांनी शिवराज राक्षे चीतपट, पृथ्वीराज मोहोळ विजयी असा कौल दिला. राक्षेचे म्हणणे असे, की दोन्ही खांदे टेकलेलेच नाहीत. चित्रीकरण पाहा आणि मग बोला. ते पाहून निर्णय फिरवला गेला नाही. राक्षेने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. त्याच दिवशी किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाड पंचांच्या गुणदानावर नाराज होऊन अखेरच्या काही सेकंदांत मैदान सोडून गेला आणि मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली.

लाथेचे समर्थन करण्याचा प्रश्नच येत नाही. ज्याच्या अंगात शंभर किलोंहून अधिक वजन आणि दहा-पंधरा वर्षांची तालीम आहे, त्याने निःशस्त्र माणसावर पाय उचलणे हे अपमानास्पद तर आहेच, धोकादायकही आहे. पण लाथेची चर्चा आपल्याकडे इतकी सोयीस्कर ठरली, की तिच्या आधीचा प्रश्न मागे पडला. खांदे टेकले होते की नव्हते? नियम म्हणतो, दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला लागलेले असावेत आणि पंचाला पूर्ण ताबा दिसेल इतका वेळ ते तसे राहावेत. म्हणजे येथे केवळ स्पर्शाचा प्रश्न नाही, कालावधीचाही आहे. आणि ‘इतका वेळ’ म्हणजे किती, हे पंचाच्या नजरेवर सोपवलेले आहे. ज्या नियमात नजरेवर इतके सोपवलेले असते, तेथे त्या नजरेने काय पाहिले हे सांगण्याची जबाबदारी वाढते.

दोन वर्षे मागे जाऊ. जानेवारी २०२३, पुण्यात कोथरूड. माती विभागात सिकंदर शेख विरुद्ध महेंद्र गायकवाड. गायकवाडने बाहेरची टांग लावली आणि पंचांनी त्याला चार गुण दिले. चार की दोन, एवढ्यावर महाराष्ट्र दुभंगला. उभ्या स्थितीतून टाकलेला डाव प्रतिस्पर्ध्याला थेट धोकादायक अवस्थेत नेत असेल, म्हणजे त्याची पाठ जमिनीकडे वळत असेल, तर चार गुण. तो नुसता खाली येऊन ताब्यात गेला तर दोन. सिकंदरच्या बाजूचे म्हणत होते की तो कुशीवर पडला, पाठ वळलीच नाही. पंच आपल्या निर्णयावर ठाम राहिले. पंचाला धमकीचा फोन आल्याची तक्रार पोलिसांकडे गेली. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगाव येथे शिवराज राक्षेला हरवून सिकंदर महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हा ‘नियतीने न्याय केला’ अशी वाक्ये लिहिली गेली. नियतीचे गुणपत्रक कोणी पाहिले आहे? नोव्हेंबरच्या विजयाने जानेवारीच्या टांगेविषयी काहीच सिद्ध होत नाही. उत्तम कवीच्या दुसऱ्या संग्रहाला पुरस्कार मिळाला म्हणजे पहिल्यावर अन्याय झाला होता हे आपोआप ठरत नाही, तसेच हे.

आमच्या विभागातले एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांच्याविषयी मला आदर आहे, या सर्व प्रकरणांत एकच भूमिका घेतात. त्यांचे म्हणणे असे : ‘कुस्ती ही कला आहे. ती कोणी जिंकली हे फडातल्या माणसाला आतून कळते. गुणांचा हिशोब हा कारकुनी उद्योग. वीस हजार डोळ्यांना जे दिसले ते तीन पंचांना दिसले नाही, तर दोष कोणाचा?’ हे वाक्य ऐकायला सुंदर आहे. आणि वाङ्मयाच्या प्राध्यापकांना ते विशेष भावते, कारण त्यात आस्वादाची महती आहे. पण सर, आस्वाद आणि मूल्यमापन हा भेद आपणच द्वितीय वर्षाच्या वर्गात तासन्‌तास शिकवतो ना? प्रेक्षक आस्वाद घेतो. तो हलगीच्या तालावर श्वास घेतो, आपल्या तालुक्याच्या पोराचा प्रत्येक पट त्याला खोल गेल्यासारखा वाटतो, आणि लढतीचे शेवटचे अर्धे मिनिट त्याच्या स्मरणात सारी लढत व्यापून बसते. हा त्याचा दोष नव्हे. त्यासाठीच तो आलेला असतो. पण या अनुभवाला निकालपत्र म्हणता येत नाही. वीस हजार डोळे एकाच दिशेने पाहत असतील, तर ते वीस हजार पुरावे ठरत नाहीत. बहुधा तो एकच पुरावा असतो, वीस हजार वेळा मोजलेला.

याचे उत्तम उदाहरण कुस्तीतले नाही, मुष्टियुद्धातले आहे. २९ जुलै २०२१, टोकियो. मेरी कोम आणि कोलंबियाची इंग्रिट वालेन्सिया. पहिल्या फेरीत पाचपैकी चार पंचांनी वालेन्सियाला सरस ठरवले. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत पाचांपैकी तिघांनी मेरीला. निकाल : तीन विरुद्ध दोन पंचांनी वालेन्सिया विजयी. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकूनही मेरी हरली कशी, असा प्रश्न त्या संध्याकाळी देशभर विचारला गेला. मेरीला स्वतःलाही आपण जिंकलो असेच वाटले होते. मुष्टियुद्धाची गुणपत्रिका मात्र आडवी नव्हे, उभी वाचायची असते. प्रत्येक पंच तिन्ही फेऱ्यांचे आपले गुण स्वतंत्रपणे मांडतो, सरस ठरलेल्या खेळाडूला दहा आणि दुसऱ्याला बहुधा नऊ. आणि शेवटी त्या एका पंचाच्या बेरजेत कोण पुढे आहे, एवढेच त्याचे मत धरले जाते. आता पाच पंच आणि तीन फेऱ्या अशा पंधरा चौकटी कागदावर काढा. वालेन्सियाच्या वाट्याला पहिल्या फेरीतल्या चार, पुढच्या दोन फेऱ्यांतल्या दोन-दोन, अशा आठ चौकटी येतात; मेरीच्या वाट्याला सात. चौकटी मोजल्या तर वालेन्सिया, पंच मोजले तर वालेन्सिया, फेऱ्या मोजल्या तरच मेरी. आपल्या मनात मेरीविषयी अपार प्रेम होते, म्हणून तीन पद्धतींपैकी जिने ती जिंकते ती पद्धत आपल्याला ‘खरी’ वाटली.

आणि हे गणित आपल्याला परके नाही. एकांकिका स्पर्धेला तीन परीक्षक असतात, प्रत्येक जण शंभरपैकी गुण देतो आणि संयोजक बेरीज करतात. समजा, दोघे परीक्षक सावध आहेत. त्यांचे सारे गुण पासष्ट ते बहात्तर यांच्या दरम्यान फिरतात. तिसरा उत्साही आहे. तो आवडत्या एकांकिकेला पंच्याण्णव आणि नावडत्या एकांकिकेला चाळीस देतो. या स्पर्धेचा निकाल तिसराच लावतो, पहिले दोघे केवळ चहा पिऊन जातात. गुणांऐवजी क्रम मागवले असते तर निकाल बदलला असता. यांपैकी कोणती पद्धत योग्य यावर वाद होऊ शकतो. पण तो वाद पडदा उघडण्यापूर्वी व्हावा लागतो, आणि उपनगरांतल्या एकाही स्पर्धेत तो झालेला मी पाहिलेला नाही. बेरीज ही निसर्गदत्त क्रिया आहे अशा समजुतीने आपण ती करतो.

दुसरा एक पक्ष आहे, तो यंत्रावर विश्वास ठेवणारा. माणसे पक्षपाती असतात, तेव्हा मोजा. मोजले की भांडण मिटले. या पक्षाची परीक्षाही मुष्टियुद्धाने घेऊन झाली आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सने यजमान कोरियाच्या पार्क सी-हुनला अंतिम लढतीत अक्षरशः झोडपले. दूरचित्रवाणीच्या मोजणीप्रमाणे जोन्सचे ठोसे ८६, पार्कचे ३२. सुवर्णपदक पार्कला, तीन विरुद्ध दोन मतांनी. गंमत अशी, की स्पर्धेतला सर्वांत शैलीदार मुष्टियोद्धा म्हणून दिला जाणारा चषक जोन्सलाच मिळाला. आस्वाद एकाच्या पदरात, मूल्यमापन दुसऱ्याच्या! या बदनामीनंतर १९९२ पासून ऑलिंपिकमध्ये संगणकीय गुणदान आले. पाच पंचांपुढे बटणे. ठोसा लागला असे वाटताच बटण दाबायचे. साधारण एका सेकंदाच्या आत तिघांची बटणे जुळली तरच गुण. प्रामाणिक, मोजता येणारी, कारकुनाला शोभेल अशी पद्धत. तिने काय केले? जे बटणाला दिसते तेवढेच मुष्टियुद्ध शिल्लक राहिले. लांबून स्वच्छ टिचकी मारणारा जिंकू लागला. जवळून पोटात बसणारे ठोसे बटणाच्या हिशोबाबाहेर गेले. खाली पाडणारा ठोसाही एकच गुण आणि टिचकीही एकच. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जपानच्या सातोशी शिमिझूने अझरबैजानच्या मागोमेद अब्दुलहमीदोवला तिसऱ्या फेरीत सहा वेळा जमिनीवर आणले. तरी यंत्राने २२ विरुद्ध १७ असा निकाल अब्दुलहमीदोवच्या बाजूने दिला. तो अपिलात फिरवावा लागला.

त्याच लंडनमध्ये आपल्या विकास कृष्णनला आधी १३-११ असे विजयी घोषित करून, अमेरिकेच्या तक्रारीनंतर १५-१३ असे पराभूत ठरवण्यात आले. प्रतिस्पर्ध्याला, एरॉल स्पेन्सला, विकासच्या नियमभंगांबद्दल चार गुण वाढवून मिळाले. शिमिझूचा फिरलेला निकाल हा न्याय आणि विकासचा फिरलेला निकाल हा अन्याय, असे आपण सहज म्हणून गेलो. कारणे दोन्ही वेळी दिली गेली होती. ती वाचण्याचे कष्ट मात्र कोणी घेतले नाहीत.

२०१३ पासून बटणे गेली आणि दहा गुणांची पद्धत आली; २०१६ च्या रिओत तिच्याच आडून निकाल फिरवण्याची व्यवस्था उभी होती, असा निष्कर्ष रिचर्ड मॅकलारेन यांच्या चौकशीने २०२१ मध्ये काढला. म्हणजे नजर फसवते आणि यंत्र आंधळे असते, हे दोन्ही सिद्ध झालेले आहे. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. नमुना-उत्तरातले पाच मुद्दे मोजून गुण देणारा परीक्षक तंतोतंत त्या बटणवाल्या पंचासारखा वागतो : मर्ढेकरांच्या लयतत्त्वावर लिहिताना ‘संवाद, विरोध, समतोल’ हे तीन शब्द आले की तीन गुण. ज्या मुलीने हे शब्द न वापरता एका कवितेत ते उलगडून दाखवले, तिच्या पोटातल्या ठोशांची नोंद कोठे होते? आणि ५९ आणि ६० यांच्यामधल्या त्या एका गुणावर तिचा प्रथम वर्ग अवलंबून असतो.

मग जुन्या आखाड्याकडे परत जावे काय? तेथे गुणच नव्हते. पाठ टेकली तर कुस्ती निकाली, नाही तर बरोबरीत सुटली. आमच्या पिढीतले अनेक जण या व्यवस्थेविषयी हळवे होतात. मला ते हळवेपण पटत नाही. बरोबरीच्या नावाखाली तासभर नुसती खडाखडी करणारे, इनाम वाटून घेणारे नामांकित मल्ल लोकांनी पाहिले आहेत. नुरा कुस्ती हा शब्द आकाशातून पडलेला नाही. तरीही त्या बरोबरीत एक प्रामाणिक कबुली होती, ती म्हणजे या दोघांत फरक करता येण्याइतके आम्हांला दिसले नाही. आजच्या स्पर्धेला ही कबुली परवडत नाही, कारण गदा एक आणि मोटार एक. शिवाय या किताबामागे केवळ मान नसतो. जोगेश्वरीच्या दूधवाल्याचा मुलगा, कांदिवलीच्या क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात घडलेला नरसिंग यादव २०११ ते २०१३ सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी झाला आणि पोलीस उपअधीक्षक झाला. त्याच्यानंतर सलग तीनदा किताब जिंकणारा विजय चौधरीही. ऊसतोड्याच्या किंवा दूधवाल्याच्या घरात एका टांगेचे मोल दोन गुण की चार, या प्रश्नाचा अर्थ आपल्या पगारी खुर्चीतून कळणे कठीण आहे.

आधुनिक कुस्तीने बरोबरीवर शोधलेला उपाय मला म्हणूनच आवडतो. गुण समान झाले तर ज्याने अधिक मोलाचा डाव मारला तो विजयी. तेही समान, तर ज्याला कमी ताकिदी मिळाल्या तो. तेही समान, तर ज्याने शेवटचा गुण घेतला तो. शेवटचा गुण घेणारा श्रेष्ठ का, याला कोणतेही तात्त्विक उत्तर नाही. पण शड्डू ठोकण्यापूर्वी दोघांनाही तो नियम ठाऊक असतो, आणि अखेरच्या मिनिटात कोणी धोका पत्करायचा हे त्यावरून ठरते. मनमानी आधी जाहीर केली की तिचा नियम होतो. नंतर जाहीर केली की ती मनमानीच राहते. प्रशिक्षकाला निर्णयावर आव्हान देता येते, आणि आव्हान फेटाळले गेले तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो, हाही नियम मला अत्यंत समंजस वाटतो. शंका घ्या, पण तिची किंमत मोजायला तयार राहा. आपल्या चर्चासत्रांत असा नियम आणला तर कितीतरी प्रश्नोत्तरे वाचतील, असो.

या वादात खाशाबा जाधवांचे नाव हमखास घेतले जाते, आणि बहुधा चुकीच्या कारणासाठी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपूर्वी मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दासविरुद्ध आपल्याला मुद्दाम एक गुण कमी देण्यात आला, अशी खाशाबांची तक्रार होती, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात वारंवार येते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली गेली, खाशाबांनी ती जिंकली आणि गोळेश्वरचा हा मल्ल हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आला. ‘बघा, त्यांनी लाथ मारली नाही,’ असे राक्षे प्रकरणानंतर अनेकांनी सुनावले. बरोबर आहे. पण त्यांना न्याय कशामुळे मिळाला? नियमाने नव्हे; एका संस्थानिकाच्या कानापर्यंत पोचता आले म्हणून. आणि खुद्द हेलसिंकीत, दमवणाऱ्या लढतीनंतर पुरेशी विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले, तेव्हा आक्षेप घ्यायला भारताचा एकही अधिकारी तेथे नव्हता, असेही सांगितले जाते. ही कथा संयमाची म्हणून सांगणे म्हणजे तिच्यातला प्रश्न गिळणे होय. दाद मागण्याची जागा महाराजांच्या मर्जीत असावी की गुणपत्रिकेच्या मागच्या पानावर, हा तो प्रश्न आहे.

माझ्या मते अटीतटीच्या लढतीचे गुणदान कसे व्हावे, हे सांगणे त्यामुळे फारसे अवघड नाही. पंचांनी एकमेकांकडे न पाहता आपापली नोंद करावी आणि प्रत्येकाची नोंद लढतीनंतर लगेच फलकावर यावी. निकालावर परिणाम करणाऱ्या एका निर्णयाचे, एकाच, कारण पंचाने ध्वनिक्षेपकावर शब्दांत सांगावे : ‘डावा खांदा आधी टेकला, उजवा नंतर, दोन्ही मिळून ताबा दिसला’ किंवा ‘पाठ वळली म्हणून चार’. हे वाक्य उच्चारायला दहा सेकंद लागतात. चित्रीकरण पाहायचे असेल तर विजेत्याचा हात वर करण्यापूर्वी पाहावे, आणि ज्याने निर्णय दिला त्याच्याशिवाय अन्य कोणी पाहावे. यावर आक्षेप येतो की पंचाला बोलायला लावले तर त्याचा दरारा जाईल. मला उलटे वाटते. मौनातून आलेला दरारा पहिल्या लाथेला गळून पडतो, हे अहिल्यानगरात दिसले. ‘पाठ वळली म्हणून चार’ या वाक्याशी निदान वाद घालता येतो. नुसत्या चार बोटांशी काय वाद घालणार?

प्रेक्षकांवरही एक अट घालायला हरकत नाही. गेल्या वर्षी तृतीय वर्षाच्या वर्गात मी एक लढत आवाज बंद करून दाखवली आणि प्रत्येक फेरीनंतर विद्यार्थ्यांना आपापले गुण वहीत लिहायला लावले, खोडाखोडीला बंदी. शेवटी वह्या उघडल्या तेव्हा ज्यांनी तावातावाने एकाला विजयी ठरवले होते, त्यांतल्या काहींच्याच वहीत दुसरा पुढे होता. एक मुलगी म्हणाली, ‘सर, मग मी कोणाचं ऐकू, माझं की वहीचं?’ समीक्षेच्या अभ्यासपत्रिकेत मी यापेक्षा चांगला प्रश्न अद्याप काढू शकलेलो नाही.

आता आपल्या घराकडे. दरवर्षी आपण, म्हणजे प्राध्यापक मंडळी, कथास्पर्धा, काव्यस्पर्धा, ग्रंथपुरस्कार यांचे पंच म्हणून बसतो. मानचिन्ह, श्रीफळ, आणि दोन ओळींचे मनोगत : ‘यंदाच्या प्रवेशिकांचा दर्जा उत्तम होता, निवड करणे कठीण गेले.’ कठीण गेले म्हणजे नेमके काय झाले? कोणत्या दोन पुस्तकांमध्ये अडला होतात? कोणते परीक्षक कोणत्या बाजूला होते? दुसऱ्या क्रमांकाचे पुस्तक कोठे कमी पडले? हे सांगणारी परीक्षकांची टिपणे छापण्याची प्रथा काही थोड्या ठिकाणी आहे, बहुतेक ठिकाणी नाही. आणि ज्याला पुरस्कार मिळाला नाही त्याने विचारलेच, तर तो ‘खिलाडूवृत्ती नसलेला’ ठरतो. राक्षेला तीन वर्षे आणि गायकवाडला तीन वर्षे अशी शिक्षा ठोठावताना ती किती काळाची, हे आकड्यात सांगितले गेले. त्या दोन लढतींत कोणत्या पंचाने कोणत्या क्षणी काय पाहिले, हेही तितक्याच नेमकेपणाने, निकालाच्या वेळीच, त्या मैदानावर ऐकायला मिळायला हवे होते.